एका प्रेमगीताची सुटका

१९४८ साली मद्रासेत एका प्रेमगीतावरून दावा उभा राहिला. गीत तमिळ होते. ते ज्या बोलपटात घातले गेले त्याचे नाव ‘बिल्हणन्’. गीताचा कर्ता सत्तावीस वर्षांपूर्वीच निवर्तला होता. दावा लावणारे एक चित्रपटनिर्माते, ज्यांच्यावर लावला तेही रंगभूमीवरून चित्रपटात आलेले बंधू. आणि वादाचा मुद्दा एवढाच, की कवीने लिहिलेले हे गीत पडद्यावर गाण्याचा अधिकार कोणाचा? आज एखाद्या तमिळ घरात आजीच्या तोंडची जुनी ओळ आठवते, नातवंडे ते गाणे शोधू लागतात, आणि शोधता शोधता ‘हे ऐकावयाचे ते कायद्यास धरून कसे?’ असा प्रश्न समोर येतो. त्या प्रश्नाचे मूळ पाहावयाचे तर या दाव्यापर्यंत मागे जावे लागते.

बिल्हण हे नाव मराठी वाचकास परके नाही. काश्मीरातून निघून दक्षिणेस आलेला हा कवी कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या दरबारी राहिला व ‘विक्रमांकदेवचरित’ लिहून गेला. त्याच्याच नावावर ‘चौरपंचाशिका’ हे पन्नास श्लोकांचे शृंगारकाव्य सांगितले जाते, व त्या काव्याभोवती एक आख्यायिका गुंफली गेली आहे. राजकन्येस काव्य शिकविण्याकरिता तरुण पंडित नेमावयाचा. परंतु दोघांनी एकमेकांचे मुख पाहू नये म्हणून राजा मध्ये पडदा टाकतो, कन्येस सांगतो की पंडित आंधळा आहे, आणि पंडितास सांगतो की कन्या कोडाने ग्रासलेली आहे. एके रात्री पंडित चंद्रोदयाचे वर्णन करू लागतो. आंधळ्यास चंद्र दिसावा कसा, या शंकेने कन्या पडदा बाजूस सारते, आणि पुढील कथा सांगावयास नकोच.

ही आख्यायिका ए. एस. ए. सामी यांनी तमिळमध्ये नाट्यरूप केली ती प्रथम नभोवाणीसाठी. तिरुचिरापल्ली केंद्रावरून ती प्रक्षेपित झाली, आणि मुख्य भूमिका केली ती त्या काळचे सर्वांत लोकप्रिय गायक-नट एम. के. त्यागराज भागवतर यांनी. पुढे टी. के. एस. बंधूंच्या नाटकमंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले व १९४८ मध्ये त्याचा बोलपट झाला. टी. के. षण्मुखम् हे या चार बंधूंपैकी विशेष नावाजलेले नट. वृद्ध कवयित्री अव्वैयार यांची भूमिका त्यांनी अशी वठविली की ‘अव्वै षण्मुखम्’ हेच नाव त्यांस कायमचे चिकटले. प्रेमी युगुलाच्या या कथेस शोभेल असे एक गीत मंडळींनी निवडले, आणि ते होते सुब्रह्मण्य भारतींचे ‘तूण्डिल् पुळुविनैप्पोल्’. या शब्दांचा अर्थ ‘गळास लावलेल्या किड्याप्रमाणे’.

प्रेमगीताचा आरंभ गळाच्या किड्याने व्हावा हे ऐकणारास विचित्र वाटेल. परंतु विरहात तळमळणाऱ्या जिवास याहून नेमकी उपमा कोणती द्यावी? भारतींनी हे गीत लिहिले ते पुदुच्चेरीत. इंग्रज सरकारचा पकडण्याचा हुकूम टाळण्याकरिता १९०८ मध्ये ते त्या फ्रेंच वसाहतीत गेले व दहा वर्षे तेथेच राहिले. त्यापूर्वी १९०७ च्या सुरतेच्या राष्ट्रीय सभेस ते टिळकपक्षाचे म्हणून हजर होते. लोकमान्यांवर त्यांची निष्ठा अखेरपर्यंत अढळ राहिली. अशा राजकारणी कवीने हद्दपारासारख्या स्थितीत ‘कण्णन् पाट्टु’, म्हणजे कृष्णगीते, हा संग्रह रचला. १९१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात कृष्ण कधी सखा, कधी सेवक, कधी गुरू, कधी खोडकर मूल आहे. आणि एका भागात तो प्रियकर आहे. त्या भागातील हे गीत. नायिकेस अन्न गोड लागत नाही, सख्या नकोशा होतात, आईस पाहूनही कंटाळा येतो. मग एके रात्री स्वप्नात कोणीतरी न दिसता येऊन हृदयास स्पर्श करून जातो, व जागेपणी रूप नाहीसे झाले तरी आनंद मात्र मागे राहतो. ज्ञानदेवांच्या विरहिण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना या भावाची ओळख निराळी करून द्यावयास नको. तमिळमध्ये तर ही वाट आळ्वारांच्या काळापासूनची. भारतींनी जुन्या भक्तीच्या साच्यात इतकी घरगुती, इतकी बोलती भाषा ओतली की ते गीत देवळात म्हणावे की पडद्यावर गावे हे ठरविणे कठीण व्हावे.

कवीचे स्वतःचे दिवस मात्र दारिद्र्यात गेले. १९२० मध्ये त्यांनी आपले सर्व लेखन पुस्तकरूपाने काढण्याची मोठी योजना आखली व मित्रांकडे भांडवल मागितले. ही पुस्तके घासलेट तेल व आगपेट्यांप्रमाणे घरोघर खपतील अशी त्यांची खात्री होती. भांडवल कोणी दिले नाही. १९२१ च्या सप्टेंबरात, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, ते मद्रासेत वारले. अंत्ययात्रेस मोजकीच माणसे होती. पत्नी चेल्लम्मा यांनी काही पुस्तके स्वतः काढून पाहिली, परंतु संसार व मुलींचे विवाह यांपुढे तो उद्योग टिकला नाही. हळूहळू छपाईचे हक्क कवीचे सावत्र बंधू विश्वनाथ यांजकडे गेले. १९२८ मध्ये तर सरकारनेच भारतींच्या देशभक्तिपर गीतांची पुस्तके जप्त केली, व कायदेमंडळात सत्यमूर्तींसारख्या वक्त्यांना त्यांविरुद्ध आवाज उठवावा लागला. सरकारने ज्या गीतांना भ्यावे त्यांची किंमत बाजारात मात्र क्षुल्लक होती.

ही किंमत बदलली ती तबकडीने व बोलपटाने. हिंदुस्थानात १९१४ चा जो लेखाधिकाराचा कायदा होता तो इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला. त्यानुसार कवितेचा हक्क अखंड धरून ठेवण्याची सक्ती नव्हती. छापण्याचा एकास, तबकडी काढण्याचा दुसऱ्यास, चित्रपटात घेण्याचा तिसऱ्यास, असे त्याचे तुकडे पाडता येत. शेत वाटून विकावे तसाच हा प्रकार. भारतींच्या गीतांचे ध्वनिमुद्रणाचे हक्क याप्रमाणे १९३० नंतरच्या दशकात मद्रासेतील सुरजमल या जवाहिऱ्यांच्या पेढीचे जेसिंगलाल मेहता यांनी अगदी अल्प रकमेस घेतले. त्या वेळी कोणास त्यात वावगे वाटले नाही. पुढे तेच हक्क ए. व्ही. मेय्यप्पन यांनी सुमारे दहा हजार रुपयांस विकत घेतले.

मेय्यप्पन यांची उमेदवारी तबकड्यांच्या धंद्यातच झाली होती. कारैक्कुडीकडील चेट्टियार घराण्यातील हा गृहस्थ गाण्याची बाजारातील किंमत ओळखून होता. १९४७ च्या पोंगल सणास त्यांचा ‘नाम् इरुवर्’ हा बोलपट लागला. स्वातंत्र्य यावयास अद्याप सात महिने होते. तरीही पडद्यावर भारतींच्या गीतातून स्वातंत्र्य मिळाल्याचा आनंद गाइला जात होता, लहानगी कमला त्यावर नाचत होती, आणि आवाज होता डी. के. पट्टम्माळ यांचा. पट्टम्माळ यांनी चित्रपटासाठी गावयाचे कबूल केले ते फक्त भक्तीचे व देशप्रेमाचे. शृंगारगीत गाण्यास त्यांचा साफ नकार असे. बोलपट अमाप चालला. जे कवन सरकारने जप्त केले होते ते खेड्यापाड्यांतील तंबू-थिएटरांत मुलांच्या तोंडी बसले. यात व्यापार होता हे खरे. परंतु भारती घरोघर पोहोचले ते या व्यापारामुळे, हेही तितकेच खरे. कवीने ज्या खपाचे स्वप्न पाहिले होते ते प्रत्यक्षात आणले एका चेट्टियाराने, आणि तेही पुस्तकांनी नव्हे, तबकड्यांनी. त्या काळच्या टीकाकारांनी मेय्यप्पन यांस जितके कठोरपणे वागविले तितके ते खास पात्र नव्हते.

या पार्श्वभूमीवर ‘बिल्हणन्’मध्ये ते प्रेमगीत आले आणि मेय्यप्पन यांनी टी. के. एस. बंधूंवर दावा लावला. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. रोख रक्कम मोजून घेतलेली वस्तू दुसऱ्याने न विचारता वापरली, तर धनको गप्प का बसेल? परंतु तमिळ समाजाच्या मनास मात्र एक गोष्ट लागली. भारती म्हणजे आता नुसते कवी राहिले नव्हते. १९४७ च्या ऑक्टोबरात एट्टयपुरम या त्यांच्या जन्मगावी लोकवर्गणीतून उभारलेल्या स्मारकमंदिराचे उद्‌घाटन राजाजींच्या हस्ते झाले होते. ‘कल्की’ या नावाने लिहिणारे कादंबरीकार कृष्णमूर्ती यांनी त्यासाठी अपार खटपट केली होती. ज्याच्या नावाने मंदिर बांधावयाचे त्याचे गीत गाण्यास एका माणसाची परवानगी लागावी, ही विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी अशीच होती. साम्यवादी पुढारी जीवानंदम् यांनी भारतींची गीते राष्ट्राची करावीत अशी मागणी जाहीरपणे केली. लेखकांनी व नटांनी १९४८ मध्ये ‘भारती विमोचना’ची चळवळ उभारली, सभा भरविल्या, वृत्तपत्रांतून पत्रे लिहिली, त्यांच्यातील काहीजण तिरुनेलवेलीस जाऊन वृद्ध चेल्लम्मांची भेट घेऊन आले.

खटल्यापेक्षा त्यातून उठलेला प्रश्नच मोठा ठरला. मद्रास इलाख्याचे तेव्हाचे पंतप्रधान ओमंदूर रामस्वामी रेड्डियार हे साधे, धर्मशील, शेतकरी वृत्तीचे गृहस्थ. त्यांच्या सरकारने १९४९ मध्ये भारतींच्या लेखनाचे हक्क स्वतःकडे घेण्याचा निर्णय केला. मेय्यप्पन यांनी ध्वनिमुद्रणाचे हक्क कसलाही मोबदला न घेता सोडून दिले. दावा लावणारे तेच, आणि दहा हजारांची खरेदी विनामूल्य देऊन टाकणारेही तेच. कवीच्या पत्नीस व कन्यांस सरकारने सन्मानधन दिले. पुढे काही वर्षांतच सरकारने तो हक्क स्वतःकडेही न ठेवता जनतेस खुला करून टाकला. एखाद्या लेखकाचा हक्क सरकारने घ्यावा व लोकांस देऊन टाकावा, असे उदाहरण आपल्या देशात यापूर्वी घडले नव्हते. रवींद्रनाथांचे लेखन विश्वभारतीच्या ताब्यात राहिले. १९९१ अखेर त्याची मुदत संपत आली तेव्हा तर मुदतच पन्नासाची साठ वर्षे करण्यात आली व ते खुले व्हावयास २००१ साल उलटावे लागले. गांधीजींचे लेखन नवजीवन संस्थेकडे २००८ अखेरपर्यंत होते. भारती मात्र, सर्वसाधारण नियमाने १९७१ अखेर मोकळे व्हावयाचे, ते त्याच्या कितीतरी आधी मोकळे झाले.

परंतु गीत मोकळे झाले म्हणजे गाणेही मोकळे झाले असे नव्हे. येथेच पुष्कळांची फसगत होते. बोलपटातील गाणे ही एक वस्तू दिसते. कायद्याच्या दृष्टीने त्यात तीन वस्तू आहेत. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आणि ध्वनिमुद्रण तिसऱ्याचे. आजच्या १९५७ च्या कायद्यानुसार शब्दांचा व चालीचा हक्क ज्याच्या त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या वर्षानंतर साठ वर्षे. म्हणजे १९४८ च्या तबकडीची मुदत सर्वसाधारणपणे २००८ अखेर सरली. भारतींचे शब्द त्यापूर्वीच लोकांचे झाले होते. उरतो तो चाल बांधणारा, आणि त्याचा निधनाचा सन पाहिल्यावाचून उत्तर देता येत नाही.

भारतींना जो योग लाभला तो इतरांस लाभला नाही. १९४४ चा ‘हरिदास’ घ्या. त्यागराज भागवतर नायक, दिग्दर्शक मंगळूरकडचे व मुंबईच्या मूकपटांत उमेदवारी केलेले सुंदरराव नाडकर्णी. आणि मातापित्यांस विसरून पुन्हा त्यांच्या सेवेस लागणाऱ्या नायकाची ती कथा अशी, की कोणाही मराठी माणसास आपला पुंडलिक आठवावा. मद्रासेच्या ब्रॉडवे चित्रगृहात या बोलपटाने तीन दिवाळ्या पाहिल्या. त्यातील ‘मन्मथ लीलै’ हे मदनाच्या लीलेचे गीत तमिळ घरांत आजही गुणगुणले जाते. त्याची तबकडी मुदतीबाहेर गेली आहे. परंतु शब्द पापनाशम् शिवन् यांचे, आणि ते १९७३ मध्ये निवर्तले. सबब शब्दांवरील हक्क २०३३ अखेरपर्यंत चालेल. एकाच दशकातील दोन प्रेमगीते. एकाचे शब्द कोणीही छापावे, गावे, दुसऱ्याच्या शब्दांसाठी अद्याप विचारावे लागते. हा भेद काव्याच्या गुणामुळे पडलेला नाही. एका कवीसाठी लोक रस्त्यावर आले, दुसऱ्यासाठी येण्याची कोणास गरज भासली नाही, इतकेच.

नभोवाणीवरही ही गाणी बिनतक्रार आली नाहीत. १९५२ मध्ये पुण्याकडील बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटसंगीताविषयी त्यांचे मत चांगले नव्हते. गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकट जाहिरात, ते सांगावयाचे नाही, असा आग्रह धरला गेला. निर्मात्यांनी उलट प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. श्रोत्यांनी मात्र वाट काढली व रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला. कोलंबोच्या तमिळ विभागावरून रात्री ऐकलेली गाणी एका पिढीच्या स्मरणात बसली ती अशी. १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू झाली तेव्हा हा रुसवा संपला. शास्त्रीय संगीताची केसकरांनी केलेली सेवा मान्य करूनही म्हणावे लागते की, या एका बाबतीत त्यांनी लोकांचा कान नीट ओळखला नाही.

शब्द लिहिणाऱ्यांची व चाल बांधणाऱ्यांची उपेक्षा पुढेही पुष्कळ वर्षे चालली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीताचा मालक निर्माताच, असा निर्णय दिला. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र, चित्रगृहाबाहेर गाणे जेथे जेथे वाजेल तेथील मानधनाचा वाटा गीतकारास व संगीतकारास मिळावा, व तो त्यांच्याकडून आगाऊ लिहून घेता येऊ नये, असे ठरले. चोरून उतरवून घेतलेले गाणे आणि रीतसर ऐकलेले गाणे यांत कानास फरक कळत नाही. वाटा मिळणाऱ्याच्या घरी तो कळतो.

मग आजीच्या तोंडची ती ओळ शोधणाराने करावे काय? पहिला शोध शब्दांचा. पूर्वी तमिळ चित्रगृहांच्या दाराशी दोन-चार आण्यांस ‘पाट्टुप्पुस्तकम्’ विकत मिळे. स्वस्त कागदाचे. त्यात कथासार, नटांची नावे व सर्व गाणी छापलेली असत. लोकांनी ती वाचली, पाठ केली आणि रद्दीत टाकली. परंतु कारैक्कुडीजवळील कोट्टैयूर येथील रोजा मुत्तय्या चेट्टियार यांनी आयुष्यभर असली रद्दी जपून ठेवली. त्यांच्या पश्चात तोच संग्रह मद्रासेस आणण्यात आला व १९९४ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन ग्रंथालय सुरू झाले. अनेक विसरलेल्या गाण्यांचे शब्द, त्यांचे कर्ते व बोलपटाचे साल आज तेथे सापडते. आणि साल सापडले म्हणजे हक्काचा निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरा शोध आवाजाचा. जुन्या तबकड्यांचा मोठा साठा ज्या ग्रामोफोन कंपनीकडे होता ती २००० मध्ये ‘सारेगामा’ झाली. २०१७ पासून तिने जुनी गाणी भरून ठेवलेली ‘कारवां’ नावाची पेटी विकावयास काढली, व तिची तमिळ आवृत्तीही निघाली. ज्यांस पेटी नको त्यांच्यासाठी परवाना घेऊन गाणी ऐकविणाऱ्या सेवा आहेत, हक्कदार कंपन्यांनी स्वतः खुली केलेली ध्वनिमुद्रणे आहेत, आणि आकाशवाणी आहे. घासून स्वच्छ केलेली नवी आवृत्ती व मूळ तबकडी यांत मात्र भेद करावा. मूळ मुदतीबाहेर गेली तरी नव्याने गाऊन घेतलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क नव्याने मोजला जातो.

‘तूण्डिल् पुळुविनैप्पोल्’च्या बाबतीत शोधणाराचे काम निम्म्याने हलके आहे. ‘कण्णन् पाट्टु’ची कोणतीही आवृत्ती उघडावी, ‘कण्णन् माझा प्रियकर’ या भागाच्या आरंभीच ते गीत मिळते. ते उतरवून घेण्यास, मुलीस शिकविण्यास, स्वतःची चाल लावून सभेत म्हणण्यास कोणाची परवानगी लागत नाही.